एक पॉइंट आठ

तिने बोट थेट कॉम्प्युटरच्या पडद्यावर, बाळांच्या वजनांच्या तक्त्यावर टेकवलं.

"हे बघा सिस्टर, एक पॉइंट आठ. तुम्हीच म्हणाला होतात, एक पॉइंट आठ किलो झालं की बाळ घरी. मग ओळ हिरवी का होत नाही?"

नवजात बाळांच्या खोलीतल्या सिस्टरने तिचं बोट हळूच बाजूला केलं आणि त्या चौकटीवर क्लिक केलं. वरच्या पट्टीत खरा आकडा उमटला. १.७६.

"मोठ्या डॉक्टरांना लांबलचक आकडे खपत नाहीत, म्हणून पडद्यावर एकच दशांश दिसतो. हिरव्या रंगाचं सूत्र मात्र आतला आकडा बघतं. चाळीस ग्रॅम कमी आहेत, ताई."

"मग सूत्रात राउंड घाला की, तेही एक पॉइंट आठच धरेल! ऑफिसात दिवसभर मी हेच करते. एका शब्दाचं काम."

"तुमच्या ऑफिसात आकड्यांना थंडी वाजत नाही."

हे तिला झोंबलं. पायाला भिंगरी लागल्यासारखी ती व्हरांड्यात येरझारा घालू लागली. हातातला घराच्या चाव्यांचा जुडगा सारखा खुळखुळत होता. थोरली, चार वर्षांची पोर, आत्याजवळ होती. रोज फोनवर विचारायची, "आई, कधी येणार?" आणि ही रोज सांगायची, "उद्या." काल पोरीने फोनच घेतला नाही. "खेळतेय गं ती," आत्या म्हणाली. खेळतेय कसली! रुसली होती. आईला काय कळत नाही का?

बाळांच्या आयांसाठी असलेल्या खोलीत दुधाची पावडर मोजायचा छोटा काटा होता. जाता जाता तिने जुडगा त्यावर ठेवला. चाळीस ग्रॅम. त्या आकड्याकडे ती जरा जास्तच वेळ बघत राहिली.

बाळाला गारठा लागू नये म्हणून इथे दुपट्यात गुंडाळूनच वजन करत; दुपट्याचं वजन काटा आधीच वजा करी. गुंडाळायचं काम आईचं. दुसऱ्या सकाळी सिस्टरने आकडा टाइप केला, १.८१. ओळ हिरवीगार झाली.

"घ्या! सुटलात एकदाच्या. भरा बॅग!" सिस्टरलाच जास्त आनंद झाला होता.

ती हलली नाही. दुपट्यातून एक पाऊल बाहेर आलं होतं, तिच्या अंगठ्याएवढं. तिने ते मुठीत धरलं. गार होतं.

"सिस्टर, दुपटं सोडा."

"का?"

"सोडा हो!" ती जवळजवळ ओरडलीच.

घडीतून चाव्या निघाल्या. सिस्टरने त्या तिच्या हातात दिल्या. बाळ पुन्हा गुंडाळलं, पुन्हा काट्यावर ठेवलं. १.७७. हिरवा रंग गेला. पडद्यावर मात्र तेच एक पॉइंट आठ. सिस्टरने खुर्ची ओढली आणि त्या रकान्याला दोन दशांश देऊन टाकले.

"डॉक्टरांना मी बघते," ती म्हणाली.

संध्याकाळी पोरीने फोन घेतला.

"कधी येणार?"

"उद्या" अगदी ओठांवर होतं.

"तुझा भाऊ अजून तीस ग्रॅम हलका आहे, राणी. तेवढा भरला की येतोच."

"तीस म्हणजे खूप?"

तिने मुठीतल्या चाव्यांकडे पाहिलं.

"नाही गं. आपल्या चाव्यांपेक्षा कमी."

"एवढंच? मग पाज ना त्याला लवकर!"