नैवेद्याचं कासव

वृंदाबाई माघात गेल्या आणि श्यामकांतरावांनी त्यांचं कासव देवघरात आणून ठेवलं.

कलकत्त्यात भवानीपूरच्या त्या भाड्याच्या घरात तोवर कासवाची जागा स्वयंपाकघरामागे, मोरीपाशी होती. शेजारचं मद्रासकडचं कुटुंब बदली झाली तेव्हा ते वृंदाबाईंच्या हवाली करून गेलं होतं. जमिनीवरचं कासव ते, पाठीवर पिवळ्या चांदण्या. श्यामकांतराव खिदिरपूरला कस्टममध्ये. दिवसभर गोदीत, आणि संध्याकाळी मराठी मंडळींत कुठे कीर्तन असलं की पुढच्या रांगेत. कासव घरात आहे, एवढंच त्यांना ठाऊक. पण बायकोच्या मागे मुकं आणि पोरकं झालेलं ते एक दिवस नजरेस पडलं, तेव्हा त्यांचा जीव त्याच्यात गुंतला. हे तरी राहायला हवं, असं ते रामाला रोज सांगत.

देवळात देवासमोर कासव असतंच. म्हणून रामाच्या तसबिरीपुढे कोरड्या फरशीवर त्यांनी त्याची जागा केली. पूजा झाली की नैवेद्याचे चणे-चुरमुरे, कधी खोबऱ्याचा तुकडा त्याच्यापुढे ठेवायचे आणि समोर बसून एकटक बघायचे. कीर्तनात किती वेळा ऐकलेलं, कासवी दूर राहून आपली पिलं नुसत्या नजरेवर वाढवते म्हणून. ऐकताना दरवेळी त्यांचे डोळे भरून यायचे.

"बाबा, आई त्याला साली घालायची," हेमा म्हणाली. पोर कलकत्त्यातच जन्मलेली, कॉलेजात जाणारी. "लाऊच्या, शसाच्या." दुधी आणि काकडी तिच्या तोंडी पुष्कळदा बंगालीतच यायची.

"देवापुढच्याला साली? शोभतं का?"

"तुमच्या देवाला भूक लागत नसेल. त्याला लागते."

"वाटीत पाणी ठेवलंय की."

"वाटीचा काठ बघा केवढा! त्याची मान पोचते का तिथवर?"

"आईसारखी वाद घालू नकोस."

एकदा तिने गुपचूप दोन पानं त्याच्यापुढे टाकली. श्यामकांतरावांनी ती उचलून बाहेर ठेवली आणि फरशी पुसून घेतली. हेमा रडली आणि पुन्हा देवघराकडे फिरकली नाही.

चैत्र तापला. कासव चण्यांना तोंड लावीना. त्याच्या मानेची कातडी सुकलेल्या आवळ्यासारखी आकसली, लघवीच्या जागी फरशीवर खडूच्या चुऱ्यासारखं पांढरं काही दिसू लागलं. श्यामकांतरावांनी जप वाढवला आणि बसून बघणंही वाढवलं.

रामनवमीच्या उत्सवाला मंडळींनी याही वर्षी कीर्तनासाठी कोकणातून दिगंबरबुवांना बोलावलं होतं. दुपारचं पान श्यामकांतरावांकडे. जेवणं झाल्यावर त्यांनी बुवांना मोठ्या भक्तीने देवघरात नेलं.

"वृंदेचं आहे. आता रामाचं."

बुवांनी कासव दोन्ही हातांनी उचललं आणि त्यांचा चेहराच उतरला. "अहो, हे तर रिकाम्या करवंटीसारखं लागतंय. डोळे बघा, किती आत गेलेत. खातं काय हे?"

"नैवेद्य ठेवतो. खात नाही अलीकडे. पण मी बघत असतो ना, बुवा. कासवीची नजर. तुमच्याच तोंडून ऐकलंय."

बुवा हसले नाहीत.

"श्यामकांतराव, कासवी वाळूत अंडी घालते आणि निघून जाते. आमच्या किनाऱ्यावर लहानपणी पाहिलंय मी. नजर असते ती देवाची. माणसाला उमजावं म्हणून आम्ही ती कासवीच्या नावावर सांगतो. तुमच्या-माझ्या डोळ्यांत ती ताकद नाही हो. आपल्याला देवाने हात दिलेत आणि बाजारात काकडी दिलीय." मग हळूच विचारलं, "वहिनी काय घालायच्या?"

श्यामकांतरावांनी कासवाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा संसार, आणि हे कधी विचारलंच नव्हतं.

"मला ठाऊक नाही," ते म्हणाले. मग दाराकडे वळून, अगदी पडत्या आवाजात, "हेमा, तू सांग बाळ."

हेमा उंबऱ्याशीच थांबली. "सकाळी माठाची पानं. धुवायची आणि पाणी झटकायचं नाही. मी झटकलं की आई ओरडायची. म्हणायची, हे वाटीतलं पीत नाही गं, पानातलं पितं. दुपारी दुधीच्या साली. ऊन फार असलं की काकडी, बियांसकट." ती अडखळली. "चणे नाही द्यायची कधी. कोरडं त्याला सोसत नाही म्हणायची."

श्यामकांतरावांनी डोळे मिटले.

हेमाने परात आणली, तळ झाकेल इतकंच कोमट पाणी ओतलं. नेसत्या सोवळ्यानिशी ते मोरीच्या कडेला बसले आणि कासव स्वतःच्या हाताने परातीत ठेवलं. ते हललं नाही. ओलं पान तोंडाशी नेलं, तरी नाही. वृंदाबाईंनीही शेवटी चमच्यापुढे असेच ओठ मिटले होते.

पाच वाजता बुवा उपरणं सावरत आले. "चला, मंडळी खोळंबलीत. तुमची जागा राखलीय."

"आज नाही, बुवा."

हेमाने चमकून वडिलांकडे पाहिलं. बुवांनी मात्र आग्रह केला नाही. "राम इथेही आहे," एवढंच म्हणून ते जिना उतरले.

खाली ट्रामी गेल्या. पाणी निवलं, हेमाने बदललं. मग केव्हातरी त्या वाळक्या मानेने पुढे सरकून पाण्याला तोंड टेकवलं. गळा खालीवर होऊ लागला. कितीतरी वेळ ते नुसतं पीत राहिलं, जणू माघापासूनचं सगळं. नंतर हेमाने पुढे केलेल्या काकडीच्या कापाला एक लहानसा चावा पडला.

श्यामकांतरावांच्या डोळ्यांतलं पाणी दाढीवरून ओघळत होतं. पुसायचं त्यांना सुचलं नाही.

"जगेल ना गं?"

"बघू. रोज द्यायला हवं, बाबा. आई एक दिवस चुकवायची नाही."

"मग उद्यापासून मी बाजारात येतो." उरलेली काकडी चिरायला त्यांनी विळी पुढे ओढली. "आणखी काय काय करायची ती? सगळं सांग."

"सांगते. आधी विळीवर नीट बसा. बोट कापून घ्याल."

ते सरकून नीट बसले. हेमा शेजारी टेकली आणि सांगू लागली.