अंजिरांना इस्त्री

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मास्तर कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत होते. "तुमच्या मिसेस गेल्या," पलीकडून सांगितलं. मास्तरांनी शिवण शेवटपर्यंत नेली, दोरा तोडला आणि मग उठले. पन्नास वर्षं शिंपीकाम केलेलं. शिवण अर्धी सोडणं हाताला ठाऊकच नव्हतं. तेव्हा परसातल्या अंजिराला नुसती पालवी होती.

आता झाड लगडलं होतं. बायको दरवर्षी अंजिरं सुकवून लेकीला बरणीभर द्यायची. लेक महिनाअखेरीला येणार होती, आणि यंदा खंड पडू द्यायचा नाही, असं मास्तरांनी ठरवलं. अंजिरं धुऊन, पुसून जाळीवर मांडली. माश्यांसाठी मच्छरदाणीच्या कापडाचं, कडेला इलास्टिक घातलेलं झाकण शिवलं. संध्याकाळी दव पडायच्या आत सगळं घरात.

तिसऱ्या दिवशी मेहुणी आली तर घरभर करपट वास.

"भावजी, काय जाळताय?"

"इस्त्री करतोय."

"कशाला?"

मास्तरांनी ओला फडका उचलला. खाली पाच अंजिरं ओळीनं झोपवलेली. सहावं इस्त्रीला चिकटलेलं.

"तिची चपटी असायची ना. मला वाटलं..."

"इतकी वर्षं संसार केलात, आणि वाटलं काय, तर माझी बहीण अंजिरांना इस्त्री करते?"

मेहुणी हसत हसत मटकन खालीच बसली. मास्तरांना आधी राग आला. मग चिकटलेलं अंजीर खरवडता खरवडता त्यांनाच हसू फुटलं. दोघं डोळे पुसेपर्यंत हसली. तीन महिन्यांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं.

"हातानं दाबायचं हो. दोन दिवस ऊन लागलं की, अंगठा आणि बोटात धरून."

"किती दाबायचं?"

"गालगुच्चा घेतो तेवढं."

"कुणाचा?"

"माझा सोडून कुणाचाही!"

तरी मास्तरांनी घाई करून अंजिरं बरणीत भरलीच. दुसऱ्या दिवशी बरणीच्या काचेला आतून वाफ धरली होती. "ओली आहेत अजून, काढा बाहेर," मेहुणीनं बजावलं. आणखी दोन दिवस ऊन दिल्यावर दाबूनही रस येईना. मग आठवडाभर मास्तर रोज सकाळी बरणी हलवून उजेडात धरत. काच कोरडी ठणठणीत!

लेक आली. एक अंजीर तोंडात टाकून चघळत राहिली. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"आईपेक्षा छान झालीत, बाबा."

"थापा मारू नकोस."

"बरं, चिवट झालीत," म्हणत तिनं दुसरं घेतलं. मग तिसरं.

"अगं, घरी न्यायची आहेत की इथंच फडशा पाडतेस?" मास्तर खुशीत ओरडले.

बरणी घेऊन लेक गेली. मास्तरांनी जाळी धुऊन उभी करून ठेवली. शेंड्याकडची अंजिरं मात्र अजून काढायची राहिली आहेत. तिथं पोहोचायला शिडी लागते, आणि शिडी धरायला खाली माणूस लागतं.