ओकच्या पाटीची मागची बाजू

माझी बायको पारू गेली तेव्हा मी दोह्यात सुतारकाम करत होतो. १९८३ साल. ती फार आजारी असल्याची तार आली आणि मी रजा मागितली. कामावरचे आमचे इंग्रज साहेब, पिअर्स, म्हणाले, हॉटेलचं काम ताब्यात दिल्याशिवाय एकही सुतार हलणार नाही. त्यांची सही नसेल तर कफील, म्हणजे ज्याच्या जामिनावर आम्ही तिथे होतो तो अरब मालक, देश सोडायची परवानगी देत नव्हता. मी गावी पोचलो तोवर तिचं तेरावं होऊन गेलं होतं. नदीवर चितेची राखही उरली नव्हती. तिचं जातं भावाने गोठ्याच्या दारात पायरी म्हणून घातलं होतं. मी त्यावर पाय न देता आत गेलो आणि महिन्याने दोह्याला परत आलो.

पुढच्या मार्चमध्ये साहेब अचानक इंग्लंडला गेले. घरी कुणाचं काही झालं असेल असं आम्हाला वाटलं. परत आल्यावर त्यांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना फोटो दाखवले. त्यांच्या खेड्यात चर्चजवळ ओकचं जुनं झाड आहे. रस्ता रुंद करायला ते तोडायचं घाटत होतं, म्हणून गावाची सभा होती. तिथे बोलायला साहेब गेले होते. झाड वाचलं. त्याला कायद्याचं संरक्षण आहे म्हणाले, फांदी छाटायची तरी अर्ज करावा लागतो. घोड्यांना पाणी पाजायची दगडी कुंडी आहे, तिलाही कुणी हलवू शकत नाही. एक मैलाचा दगड कललाय, तो सरळ करायलासुद्धा आधी विचारावं लागतं.

मी फोटो नीट बघितला. मला त्या झाडाचा हेवा वाटला, शेजाऱ्याच्या सुखाचा वाटावा तसा.

दोह्यातल्या अल नस्र भागात माझ्या खोलीत रत्नागिरीचा दिलावर राहायचा. रंगकाम करायचा. जेवताना मी त्याला हे सगळं सांगितलं. तो हसला.

"म्हणजे रंगाभाऊ, झाडालापण कफील आहे म्हणा. फक्त त्याचा कफील चांगला निघाला."

मला हसू आलं नाही. माझं ताट तसंच राहिलं.

काही दिवसांनी साहेब एक फळी घेऊन आले. त्या झाडाची फांदी मागे वादळात पडली होती, ती गावाने वाळवून ठेवली होती. तिचीच ही फळी. झाडापुढे लावायला पाटी करायची, त्यावर झाडाचं नाव आणि वय. गावाला भेट म्हणून ती साहेब देणार होते. अक्षरं त्यांनी कागदावर काढून दिली.

लाकूड फार चांगलं होतं. तेही मला आवडलं नाही. कुठे गाठ सापडते का बघत होतो, सापडली नाही. मी अक्षरं कोरली, कडा गोल केल्या. मनात एकच होतं, की ही पाटी आता शंभर वर्षं उभी राहणार आणि तिला कुणी हात लावणार नाही. पारूचं नाव मात्र घरात कुणी घेत नाही. मी पाटी पालथी केली आणि मागे कोरलं, पारूबाई.

ती न्यायला साहेब आले. पुढची बाजू बघून खूश झाले. मग त्यांनी पाटी उलटली.

हे काय, म्हणून विचारलं. मी सांगितलं, माझ्या बायकोचं नाव आहे. मागच्या वर्षी वारली.

ते बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, नाव सुंदर दिसतंय, पण पाटीवर काय असावं ते गावाच्या कमिटीने ठरवलंय. मी त्यांना विचारतो. ते नाही म्हणणार नाहीत बहुतेक.

"मागच्या वर्षी तुम्हालाही विचारलं होतं, साहेब," मी म्हणालो. "हॉटेलच्या कामावर होतो तेव्हा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आठवायला त्यांना वेळ लागला.

"तो तू होतास?"

"हो."

ते काहीतरी बोलायला लागले. मी त्यांच्या हातातून पाटी घेतली, बाकावर आवळली आणि रंधा उचलला. ते म्हणाले, राहू दे रंगनाथ, राहू दे, मी कुणाला विचारत नाही. पण तोवर पहिला हात फिरला होता आणि रूचा ऊकार गेला होता. मग मी थांबलो नाही. तिच्यासाठी आता कुणी हो म्हणावं, हे मला नको होतं.

मागची बाजू कोरी झाली. मी हाताने पुसून पाटी त्यांना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, लहान मूल घेतात तशी, आणि गाडीत मागच्या सीटवर टॉवेल अंथरून ठेवली. मी दारात उभा राहून बघत होतो. टॉवेलसुद्धा त्यांनी घरून आणला होता.