घाट्याची वाटी

धुळ्याच्या डॉक्टरांनी शिंदखेड्यातली आम्ही तीस म्हातारी माणसं निवडली. बारा आठवडे रोज सकाळी तासभर झपझप चालायचं आणि शेवटी शौचाचा नमुना द्यायचा. चालण्यानं म्हातारपणी पोटातले चांगले जंतू वाढतात का, हे त्यांना बघायचं होतं. मी म्हटलं, "अगं बाई! जन्मात शाळेचं तोंड पाहिलं नाही, आणि आता परीक्षा द्यायची तीही असली!"

पण हसू नका. मी एक दिवस चुकवला नाही. अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी बेबाबाई हे नाव यादीत लिहिलं होतं, मला पास व्हायचंच होतं. नियम एकच कडक: शेवटच्या आठवड्यात आंबवलेलं काही तोंडात घालायचं नाही.

आणि नेमका चैत्र, घरोघरी बिबड्यांचे पापड. ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, तीळ-लसूण घालून तिचा घाटा शिजवायचा आणि ओल्या धोतरावर थापून वाळवायचा. पूर्वी मी आणि माझी मोठी जाऊ धुरपदाबाई मिळून करायचो. पातेलं उचलून घराच्या धाब्यावर चढायचं, उन्हं कलली की दीड कोस चालत शेतावर जायचं. पावलं कोण मोजतंय! गल्लीतली पोरं वाट्या घेऊन यायची, आणि तळाची खरवड आम्ही दोघी भांडून खायचो. काय दिवस होते ते! आठवलं की अजून जीव कासावीस होतो.

मग धुरपदाबाईंच्या नातीच्या लग्नात मला मानाचं लुगडं द्यायचं राहिलं. मी तोंड सोडलं, आणि बाई काय ऐकून घेणाऱ्यातल्या? अकरा वर्षं बोलणं बंद. दर चैत्रात त्यांचा घाटा गल्लीभर जायचा, माझं दार तेवढं सोडून.

नमुन्याच्या आदल्या दिवशी बघते तर दारात बाई स्वतः. किती वाळल्या होत्या! हातात घाट्याची वाटी, वर कच्चं तेल.

"गरम शे. खाई ले, बेबा."

खाल्लं तर बारा आठवडे पाण्यात. नाही म्हटलं तर आणखी अकरा वर्षं रुसायला आम्हा दोघींकडे होती कुठे? मी उंबऱ्यातच बसले आणि वाटी चाटूनपुसून साफ केली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना खरं ते सांगितलं. बिचाऱ्यांनी कपाळावर हात मारला आणि माझं नाव खोडलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू?

संध्याकाळपर्यंत बाईंच्या कानावर गेलंच. तरातरा आल्या आणि माझ्यावर ओरडल्या, "मग काल सांगं का नही माले?"

"सांगितलं असतं तर तुम्ही वाटी घेऊन परत गेल्या असत्या, बाई. आणि पुन्हा आल्या नसत्या."