पट्टीचं बोट

रविवारी सकाळी आर्लनने बोटाची पट्टी काढली आणि त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही.

पट्टी उजव्या तर्जनीला होती. बायकोला, ग्रेटाला, 'पाय' या गोड पदार्थासाठी रूबार्बचे आंबट देठ चिरून देताना सुरी लागली होती. पण तळघरात बसून काडतुसं भरणाऱ्या माणसाचं ते मुख्य अवजार. काडतुसाच्या पुंगळीच्या बुडात बसवलेली, दारूला ठिणगी देणारी टोपी काठाच्या किंचित आत गेली ना, हे तो त्याच बोटाने चाचपायचा. मोजायचं यंत्रही होतं त्याच्याकडे, पण ते पाहुण्यांना दाखवण्यासाठी. परवा त्याने मेहुण्यासाठी, लायलसाठी, काडतुसं भरली आणि एकूण एक टोपी चाचपली. पट्टीवरून. सगळ्या सपाट लागल्या. पट्टीवरून खवणीसुद्धा सपाट लागली असती.

आता उरलेल्या काडतुसांवर त्याने उघडं बोट फिरवलं आणि ते अडखळलं.

लायल जन्मभर दुकानातली काडतुसं वापरणारा आणि त्यापायी आर्लनचे टोमणे खाणारा. यंदा कुठे तो शरण आला होता. आणि आजच क्लबात जुन्या लष्करी रायफलींची स्पर्धा. या रायफलींचा बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागची बाजू बंद करणारा दांडा, आपणच मागे जातो, आपणच दाणकन पुढे येतो. टोपी केसभर वर राहिली तर तो पुरता बंद व्हायच्या आधीच काडतूस उडायचं, तेही नेमबाजाच्या गालापाशी.

लायल फोन उचलेना. चर्चचे कपडे घालून दारात उभ्या असलेल्या ग्रेटाला आर्लनने काहीतरी पुटपुटून सांगितलं आणि गाडी काढली. वाटेत त्याने कारणं जुळवायला घेतली. टोप्यांचा मालच खराब निघाला, तळघरात ओल आली. प्रत्येक वळणावर एक नवीन कारण सुचायचं आणि पुढच्या वळणावर फिकं पडायचं. ट्रॅक्टरमागे अडकला तेव्हा तर त्याने ग्रेटाच्या रूबार्बलाही दोष देऊन पाहिला.

मैदानावर गोळीबाराचा लाल झेंडा वर होता. नेमबाज चटयांवर पालथे पडलेले. लायल रायफलीत काडतुसांची क्लिप दाबायच्या बेतात होता. इथे कुणीही ओरडून गोळीबार थांबवू शकतो. फक्त का ओरडलो, ते सगळ्यांसमोर सांगावं लागतं.

"थांबा! बंदुका खाली ठेवा!" आर्लन ओरडला.

सगळी रांग थबकली. मैदानाचा अधिकारी बर्डेट जवळ आला. लायलने आर्लनच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातातल्या क्लिपकडे.

"माझी रायफल अडकत होती," तो शांतपणे म्हणाला. "मीच त्याला खूण केली."

इतकं नीटनेटकं खोटं आर्लनला अख्ख्या रस्त्यात सुचलं नव्हतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं.

"नाही," तो म्हणाला. "काडतुसं मी भरलेली आहेत. टोप्या वर राहिल्यात. मी नीट तपासलं नाही."

"अरे गाढवा," लायल हळूच म्हणाला, "वाचवत होतो ना तुला."

बर्डेटने मान डोलावली. तेवढ्यात रांगेतल्या आणखी काहींनी आपापल्या क्लिपा मुकाट्याने चटईवर ठेवल्या. नाताळात आर्लनने सगळ्यांनाच घरची काडतुसं भेट दिली होती. तेव्हा बोट धडधाकट होतं, हे त्याला ओरडून सांगायचं होतं. पण ओरडायचा नियम फक्त गोळीबार थांबवण्यापुरता होता.