बिनसावलीचा बुवा आणि ज्योतीचं मुसळ

अरे, काय माणसं लोटली होती माहितीये? पोलादपूरच्या वर डोंगरात ती वाडी. एरवी निम्म्याहून जास्त दारांना कुलूप, पण मे महिन्यातल्या त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. मुंबईचे चाकरमानी आलेले, शिवथरकडनं टेम्पो भरून आलेले, पाचाडची एक खानावळवाली तर धंदा बंद ठेवून आलेली. देवळासमोर हिरव्या कापडाचा एवढा मोठा मांडव, आणि मांडवाच्या बाहेर, भर उन्हात, दगडी जोत्यावर उभे छायामुक्त महाराज. पांढराशुभ्र घोळदार झगा, थेट जोत्याला टेकलेला. हात छातीशी घट्ट. आणि माईकवर तो आवाज.

"विज्ञान जहाँ एन्ड होता है ना माऊली, तिथनं आमचं स्टार्ट होतं. रात्र काळी का असते? विचारा सायन्सला, बोलती बंद. मी सांगतो. मेलेल्यांच्या सावल्या वर जातात, आभाळात साठतात, त्या ढिगाला आपण रात्र म्हणतो. आज माझी सावली तिकडं जाणार आणि तुमच्या माणसांचा निरोप घेऊन येणार. फक्त कोणी उन्हात यायचं नाही. माझी एनर्जी सोसणार नाही, भाजाल."

माणसं हात जोडून बसलेली. आणि शेवटच्या बांबूला टेकून ज्योती उभी, हातात मसाला कांडायचं मुसळ. बायका कुजबुजत होत्या, ही काय दर्शनाला आलीय का कांडपाला.

आता ज्योती कोण, तर येसूबाईची सून. तिचा नवरा सुशांत मुंबईत कामावरच अपघातात गेला, दोन वर्षं झाली. तिकडं तिचं कोणी राहिलं नाही, म्हणून ती सासूकडं वाडीवर आली. घरात माणसं किती, तर दोन बायका आणि एक म्हैस. बोलायचं झालं तर सुशांतबद्दलच बोलणार, आणि त्याच्याबद्दल बोलायचं नाही असं दोघींनी न ठरवताच ठरवलेलं. मग दिवसच्या दिवस आवाज फक्त म्हशीचा. विहिरीवर जाताना ज्योती आपल्याच सावलीला म्हणायची, चल गो, पाणी आणू. एवढीच मैत्रीण.

मग महाराजांचा माणूस वाडीत येऊन गेला आणि येसूबाई बोलायला लागली. पण काय, तर फक्त महाराजांचं. त्यांची सावली जाताना या डोळ्यांनी बघितली की मी मठात जाणार, कायमची, सेवेला. मठात रोज सुशांतचा निरोप मिळेल. म्हैस कुणाला द्यायची तेही ठरलं, गाठोडंही बांधून झालं. ज्योतीने विचारलं, आणि मी? तर म्हणाली, तू तरणी हायस, तुजं तू बघ. म्हणजे मे सरला, चाकरमानी परतले, पाऊस लागला, की त्या आळीत पेटणारा दिवा एकच. तिचा.

आणि खरं सांगू? ज्योतीलाही आतनं वाटत होतं, खरं निघो हे सगळं. रोज अंधार पडला की ती अंगणात बसून वर बघायची. एवढ्या काळोखात सुशांतचा तुकडा नेमका कुठला?

आदल्या दुपारी ती येसूबाईला मठात न्यायला मसाला कांडत होती. हात भरून आले म्हणून मुसळ तसंच अंगणात उभं केलं. आणि बघते तर काय, मुसळाला सावलीच नाही. जेमतेम नखाएवढी काळी कड. ती घाबरलीच आधी. मग तिच्या डोक्यात आलं, मुसळ कुठल्या मठात राहून आलंय?

तशीच उठून समीक्षाकडं गेली. समीक्षा खाली पोलादपूरला शाळेत विज्ञान शिकवते, सुट्टीला घरी आलेली. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, महाराज याच्याआधी कुठं होते? ज्योतीला पाठच होतं, महाराजांच्या जाहिरातीच्या भोंग्यावर रोज ऐकत होती. आधी सावंतवाडी, मग रत्नागिरी, मग चिपळूण, आता इथं, पुढं अलिबाग, ठाणे. समीक्षा हसतच सुटली. म्हणाली, अगं, हा बुवा सूर्याचा माग धरून फिरतोय. या दिवसांत सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो. ज्या गावाच्या बरोब्बर डोक्यावर येतो, तिथं त्या दुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच पडते. माणसाची पडते, खांबाची पडते, कोंबडीची पडते. जुलै संपता संपता सूर्य परतताना परत तेच होतं, पण तेव्हा आपल्याकडं ढगांत सूर्य दिसतो कुणाला? ज्योतीने जाताना आणखी एक गोष्ट विचारली, ती शेवटी सांगतो.

समीक्षाने सकाळी लोकांना सांगून बघितलं. तर तुमी मास्तरीन, तुमाला देव बी खोटा वाटंल, म्हणून तिला गप्प केलं.

तर आता मांडवात. झांजा थांबल्या. जोत्यावर महाराजांची सावली आखडत आखडत आली आणि झग्याच्या घेरात गडप झाली. येसूबाईच्या डोळ्यांतनं धारा, आणि हात गाठोड्याकडं.

ज्योती उन्हात गेली आणि जोत्याशेजारच्या फरशीवर तिने मुसळ उभं केलं. राहिलं उभं.

पुढं बसलेला चांगू म्हातारा दचकला. "ग्रहान लागलं काय रं? मुसाल उबं ऱ्हायलं."

कारण गावोगाव समज हाच, की मुसळ उभं राहतं ते फक्त ग्रहणात.

"चांगूबाबा, ग्रहान नसताना कदी उबं करून बघितलंय?" ज्योती म्हणाली.

चांगूने डोकं खाजवलं. "नाय बा. कशाला बघू?"

"मंग आता बघा. आन त्याची सावली कुटं पडलीय तेबी बघा."

माना लांब झाल्या. सावली नाही. पण महाराज काय कच्चे आहेत? लगेच माईकवर, "देखा माऊली, मुसळाला पण मुक्ती दिली!" आणि टाळ्या पडल्या की राव. खोटारडा पकडला तरी टाळ्या त्यालाच. ज्योतीचे पाय भाजत होते, ते उन्हानं. एवढ्या माणसांत ती एकटी उन्हात.

ती महाराजांकडं वळलीच नाही. सासूला ती आत्या म्हणायची. म्हणाली, "आत्या, बाहेर या."

येसूबाई हलेना. मग काय वाटलं कुणास ठाऊक, उठली, एक पाऊल उन्हात टाकलं, दुसरं टाकलं. भाजली नाही. खाली बघितलं.

"माजी बी गेली गो," ती हळूच म्हणाली.

"सगळ्यांचीच जाते. तुमी सगळी मांडवात बसलाव, सावलीत बसल्यावर आपली सावली दिसंल कशी? आता महाराजांना एवढंच सांगा, तुमच्या सावलीला तिकडंच धरून ठेवा म्हनावं. परत येऊ देऊ नका."

महाराजांनी डोळे मिटले. मंत्र जोरात सुरू झाला. आणि मुसळाच्या बुडाशी, पूर्वेकडं, काळा दोरा फुटला. दोऱ्याचं बोट झालं. झग्याच्या घेराबाहेर महाराजांच्या डोक्याचा गोल सरकत आला. ते हळूच बाजूला सरकले, तर गोलही सरकला. मागं कोणीतरी खुसखुसलं. मग एकेक जण मांडवातनं उठून उन्हात यायला लागला, आपापल्या पायाकडं बघत.

येसूबाई जोत्याजवळ गेली. "सावली जाऊन आली ना बाबा? मंग सांगा, माज्या सुशांतला मी घरात काय हाक मारत व्हते?"

"प्यार से... बाळ म्हणायचात, माऊली."

येसूबाई मागं वळली. गाठोडं उचललं आणि घराची वाट धरली. टाळ्या नाहीत, काही नाही. मागं माईकवाला वायर गुंडाळत होता.

संध्याकाळी दोघी पायरीवर बसल्या. समोर महाबळेश्वरच्या कड्यावर डोंगरांची सावली वर वर चढत होती. येसूबाई म्हणाली, तू माजा एवढा बी आधार काढून घेतलास. ज्योती गाठोड्याची गाठ सोडत राहिली. खोटं कुठं होतं त्यात?

म्हातारीनं विचारलं, "मंग रात काळी का असते?"

हेच ज्योतीने समीक्षाला विचारलं होतं. "आपली पृथ्वी सूर्याकडं पाठ करते, आत्या. तिचीच सावली ती. रोज आपुन तिच्यात झोपतो."

"आन माजा सुशांत? तो कुटं गो?"

"मला नाय म्हाईत. समीक्षाला बी नाय म्हाईत. कुनाला म्हाईत नाय, आत्या."

कड्यावरचा शेवटचा उजेड गेला. येसूबाई म्हणाली, "मी त्याला भोपळ्या म्हनायची. लहानपनी लई गुटगुटीत व्हता."

ज्योतीला हे ठाऊकच नव्हतं. लग्नाच्या बायकोला ठाऊक नव्हतं. "भोपळ्या?" ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि मग दुसरंच काहीतरी. म्हातारी सांगत बसली, त्या घरात दोन वर्षांत पहिल्यांदा.

म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवायला लागला की त्याच्याकडं नंतर बघा, आधी आपल्या पायाखाली बघा. ग्रहणात उभं राहिलेलं मुसळ दुसऱ्या दिवशीही उभं करून बघा. आणि एखादी गोष्ट माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, त्यात कमीपणा नाही. फक्त मांडवातनं बाहेर यायला लागतं. आणि पहिल्यांदा जो येतो, तो एकटाच असतो.