यंत्राला वळसा घालणारी नळी

जहाज तपासायला जाण्याआधी मी साहेबांना स्पष्ट सांगितलं होतं, "तिथला सेकंड इंजिनिअर माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. दुसऱ्या कोणाला तरी पाठवा." साहेब म्हणाले, "दुसरं आहे कोण? एक रजेवर, एक अंथरुणावर. जा तुम्हीच." पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

इंजिनरूममध्ये धाकट्याने हसतमुखाने वही पुढे केली. इंजिनखाली साचणारं तेलकट पाणी यंत्रातून तेल वेगळं करूनच समुद्रात सोडायचं आणि दर वेळी वहीत नोंदवायचं, असा कायदा आहे. नोंदी अगदी चोख होत्या. रोज दोन तास यंत्र चालू, खाली याची सही. शाळेचा गृहपाठ माझ्याकडून करून घेणारा हा ऐतखाऊ सुधारला म्हणायचा, असं वाटून मी सुखावले.

मग यंत्रामागे वाकून टॉर्च मारला. त्या तेलकट पाण्याच्या टाकीपासून थेट समुद्रात उघडणाऱ्या झडपेपर्यंत एक रबरी नळी जोडलेली होती, यंत्राला वळसा घालून. तिचा जोड चाचपला तर बोटं काळी झाली. यंत्राचा कॉक गंजून घट्ट बसला होता. ते कित्येक महिने चाललंच नव्हतं.

वीस वर्षं ही नोकरी करतेय. असल्या नळ्या मी ढीगभर पकडल्यात, पण अडगळीत, रंगाच्या डब्यांमागे दडवलेल्या. बंदर यायच्या आत ती काढायची, एवढं या धंद्यातलं शेंबडं पोरही जाणतं. अशी राजरोस जोडलेली मी कधी पाहिली नव्हती.

"अक्कल गहाण टाकलीस का रे?" मी म्हणाले. "लायसन्स जाईल. तुरुंगात जाशील."

"हळू बोल ना, ताई." त्याच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. "दर बंदराला काढतोच की आम्ही. या वेळी मीच चीफ इंजिनिअरना म्हटलं, राहू दे, कशाला उगाच खटाटोप? तपासायला माझी ताई येतेय."

कोणीतरी थोबाडीत मारावी तसं झालं. मी तिथेच लोखंडी पायरीवर बसले. राग नंतर आला, आधी लाज वाटली. अख्खं जहाज मला गृहीत धरून बंदरात शिरलं होतं.

थोड्या वेळाने उठले, नळीचे फोटो काढले आणि फॉर्म उघडला.

"नाव?"

तो हसला. "चेष्टा करतेस का, ताई?"

"पूर्ण नाव सांगा," मी म्हणाले.